माथ्यावरची टोपी

उठल्यापासून सकाळी दहापर्यंत मी बोलत नसे. लग्नाच्या आधीपासूनचा नेम होता. कारखान्यात सगळ्यांना तो माहीत होता. नवी कोणी कामाला आली की काज करणाऱ्या मावशी तिला पहिल्याच दिवशी सांगायच्या, "ही आमची मौनीबाई. हिला दहाच्या आत काही विचारायचं नाही. आणि दहानंतर विचारलंस तरी फार काही हाती लागणार नाही." संध्याकाळी घरी गेले की देवापुढे दिवा लावते आणि दिवसभरात जे झालं ते जसंच्या तसं मनातल्या मनात सांगते. हे दोन नेम मी कधी मोडले नव्हते. ज्या दिवसांची ही गोष्ट आहे त्या दिवसांतही जवळजवळ शेवटपर्यंत मोडले नाहीत, निदान अक्षराने तरी नाही.

आमचा कारखाना तंबूंचा आणि बागेत लावायच्या मोठ्या छत्र्यांचा. एक लांब खोली, दोन्ही बाजूंना मशीन, मधोमध कापड पसरायचं टेबल. मागच्या अंगणात पाण्याची जुनी उंच टाकी आहे. ती कधीची कोरडी पडली आहे, पण तिचा लोखंडी जिना अजून धड आहे. त्या टाकीमुळेच ते काम आमच्याकडे आलं. डोंगरातल्या ज्या वस्त्यांचे रस्ते दरड कोसळून बंद होतात, तिथे विमानातून औषधांच्या पेट्या टाकायच्या होत्या, आणि त्या पेट्यांना बांधायच्या छत्र्या आम्ही शिवायच्या होत्या. पॅराशूट म्हणतात त्यांना. आम्ही छत्रीच म्हणायचो.

काम समजावायला इंजिनियर बाई आल्या. उंच, किडकिडीत, गळ्यात स्टॉपवॉच. टेबलावर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांतून दोन कागद सोडले. एक चुरगळून गोळा केलेला, एक सरळ. गोळा टपकन खाली. सरळ कागद डुलत, वळत, मावशींच्या मांडीवर येऊन बसला.

"वजन दोघांचं सारखं," बाई म्हणाल्या. "मग हा मागे का राहिला?"

"त्याला घाई नव्हती," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

हसण्यातून एक आवाज आला. "बाई, त्याच्या पोटाखाली जास्त हवा येते. ती बाजूला सारल्याशिवाय त्याला खाली येता येत नाही."

"शाब्बास!" इंजिनियर बाई म्हणाल्या. "नाव काढलंस."

ती माझी धाकटी जाऊ. घरातही आणि कारखान्यातही तिला धाकटीच म्हणतात.

उत्तर मलाही आलं होतं. कापडाशी माझी अकरा वर्षांची ओळख. वाऱ्यात तंबू ताणून धरला की हवेला किती जोर असतो ते माझे खांदे सांगतील. पण भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते.

बाई पुढे सांगत होत्या. पडणारी वस्तू आधी वेग घेते. वेग वाढतो तसा खालून हवेचा रेटाही वाढतो. मग एक वेळ अशी येते की वजनाची ओढ आणि हवेचा रेटा बरोबरीला येतात, आणि तिथून पुढे वेग वाढत नाही, आहे तेवढाच राहतो. तो वेग इतका कमी करायचा की पेटीतली काचेची बाटली फुटता कामा नये. "बास, एवढंच काम आहे," त्या म्हणाल्या. धाकटी मान डोलवत होती, जणू बाई तिच्या एकटीशीच बोलत होत्या.

तिला कामाला मीच आणलं होतं, हे आधी सांगायला हवं. आठ महिन्यांपूर्वी ती घरात बसून कंटाळली होती. मी मास्तरांकडे शब्द टाकला. मास्तर म्हणजे आमचे कापड बेतणारे. कारखाना त्यांच्याच शब्दावर चालतो. मशीनमध्ये दोरा ओवायला मी तिला शिकवलं. सुई मोडली तेव्हा मी मधे पडले. आणि सहा महिन्यांत मास्तर माझ्यासमोर म्हणायला लागले, "धाकटीची शिवण बघा जरा, आखून काढल्यासारखी." घरी सासूबाईंचंही तेच. तिने उशीचा अभ्रा शिवला तर शेजारणींना बोलावून दाखवला. माझ्या हातचे अभ्रे त्याच घरात अकरा वर्षं डोक्याखाली होते, ते कोणाला दिसले नाहीत. मी काही बोलले नाही. मी बोलत नाहीच. पण गप्प राहणाऱ्या माणसाच्या पोटात काय शिजतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मास्तरांनी जाहीर केलं की छत्र्यांसाठी वेगळा विभाग होणार, आठ मशीनांचा, आणि त्याची एक मुख्य असणार. दोघींनी आपापल्या अकलेने छत्री शिवायची, मी आणि धाकटीने. टाकीवरून तीन वेळा चाचणी घ्यायची. पेटीत सहा बाटल्या, रंगीत पाण्याने भरलेल्या. तिसऱ्या चाचणीत जिच्या बाटल्या जास्त वाचतील ती मुख्य.

अकरा वर्षं मी त्या खुर्चीची वाट पाहिली होती. खुर्ची अजून सुताराकडे होती, तरी मी तिच्याकडे बघतच होते म्हणा ना.

पहिल्या चाचणीत माझ्या चार बाटल्या फुटल्या, तिच्या तीन. दुसरीत दोघींच्या तीन-तीन. मी माझी छत्री वाढवत नेली. घेर मोठा असला की हवा जास्त अडणार, पेटी सावकाश येणार, हा साधा हिशेब. आणि सावकाश यायचीही. माझ्या छत्रीला आठ सेकंद लागायचे, धाकटीच्या छत्रीला साडेसहा. पण दोघींच्या छत्र्या झोके घ्यायच्या. पाळण्यासारखी पेटी या टोकाला जायची, त्या टोकाला जायची, आणि जमिनीवर टेकताना नेमकी एका कोपऱ्यावर आपटायची. बाटल्या पडून फुटत नव्हत्या, आडव्या आपटून फुटत होत्या. इंजिनियर बाई घड्याळ थांबवून ओठ चावायच्या. पुस्तकातलं गणित त्यांचं पक्कं होतं, पण शिवलेली छत्री हातात घेऊन बघण्याची त्यांचीही ती पहिलीच वेळ होती.

छत्री आठ कळ्यांची. प्रत्येक कळी खाली रुंद, वर निमुळती. आठही टोकं माथ्यावर एकत्र शिवायची तर कापडाचा एवढा गठ्ठा होतो की सुई तुटते. म्हणून आम्ही टोकं थोडी कापून टाकायचो. मधे मोठ्या बशीएवढं भोक राहायचं. त्याच्या काठाला पट्टी मारायची आणि वरून कापडाची गोल टोपी शिवून भोक झाकायचं. बागेच्या छत्र्यांना आम्ही असंच करत आलो होतो. छत्रीला भोक ठेवायचं नाही, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. सगळ्या अंगणात डबे घेऊन बसल्या. मी हात धुवायला म्हणून आत आले. टेबलावर धाकटीची छत्री घडी करून ठेवलेली होती, माथा वर. टोपीची शिवण मी जवळून पाहिली. टाके मोत्यांसारखे. एकही वाकडा नाही. मी बोट फिरवून पाहिलं, की कुठेतरी गाठ लागेल, कुठेतरी दोरा सैल असेल. नव्हता.

बाहेर धाकटी काहीतरी सांगत होती आणि मावशी पोट धरून हसत होत्या.

उसवायला वापरतो ते अर्धं ब्लेड माझ्या एप्रनच्या खिशात होतंच. तीन टाके सोडायचे, चौथा कापायचा. पुन्हा तीन सोडायचे. सबंध टोपीभोवती. वरून काही दिसत नव्हतं. हातात धरली तर टोपी घट्ट वाटायची. पण खालून हवा भरली की उरलेले टाके एकेक करून सुटणार, टोपी उडणार, भोकातून हवा निघून जाणार आणि पेटी त्या चुरगळलेल्या कागदासारखी खाली येणार. आणि सगळे म्हणणार, धाकटीची शिवण कच्ची.

टाके मोजत कापले, एकही चुकला नाही, हेही सांगायला हवं.

संध्याकाळी दिवा लावला. दिवसभरातलं सांगताना मी म्हटलं, "दुपारी धाकटीची शिवण पाहिली." तेवढंच. खोटं काही नव्हतं त्यात. ज्योत नेहमीसारखीच सरळ होती.

चाचणी सकाळी नऊला असायची, कारण त्या वेळी वारा पडलेला असतो. वॉचमन जिना चढून वर गेला. पहिली छत्री माझी. आणखी दोन हात घेर वाढवला होता मी. सोडल्याबरोबर फुलली. सावकाश येत होती, खरंच सावकाश, आणि मग झोके सुरू झाले. धाकटी खाली उभी राहून मोठ्याने सेकंद मोजत होती, ते काम तिच्याकडे असायचं. "...सहा, सात, आठ." नवाच्या आधी पेटी कोपऱ्यावर आपटली. उघडली तर तीन फुटलेल्या. बाहेर लाल पाणी.

"आता माझी पाळी," धाकटी म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. "ताई, देवाला सांगा हं माझ्यासाठी पण."

मी मान हलवली.

तिची छत्री फुलली. एक झोका घेतला, डावीकडे. दुसरा घ्यायला निघाली तेवढ्यात माथ्यावर काहीतरी फडफडलं, आणि टोपी सुटली. पांढरी, गोल, हवेत तिरकी होत बाजूला गेली. मावशींनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला.

आणि छत्री थांबली. म्हणजे पडायची थांबली नाही, हलायची थांबली. मधल्या भोकातून आभाळाचा एक ठिपका दिसत होता, आणि त्याच्या बरोबर खाली पेटी, ओळंब्याला लावल्यासारखी सरळ. धाकटी मोजायचं विसरली. पेटी गवतावर चारही कोपऱ्यांनी एकदम टेकली. माठ ठेवावा तशी.

सहाही बाटल्या अख्ख्या.

टोपी अजून हवेतच होती. डुलत डुलत, या बाजूने त्या बाजूला, सगळ्यांत शेवटी खाली आली.

इंजिनियर बाई आधी धावल्या, मग खाली बसल्या, मग उठून भोकात हात घालून बघायला लागल्या. "हवा कोंडत होती," त्या स्वतःशीच बोलत होत्या. "कोंडलेली हवा काठाखालून निसटणार. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, म्हणून झोके. तिला मधून वाट दिली की झाली शांत!" मग त्यांनी वर पाहिलं. "हे भोक कोणी ठेवलं?"

सगळ्या धाकटीकडे बघायला लागल्या. ती गोंधळली होती. "मी तर बंद केलं होतं, बाई. टोपी सुटली."

मी तिथेच उभी होते. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती पश्चात्तापाची नव्हती. भोक माझं होतं. हात माझा होता. आणि बाई तिच्या पाठीवर थाप मारत होत्या. मी तिचं वाईट करायला गेले, तेसुद्धा तिच्याच ताटात चांगलं होऊन पडलं. माझा नुसता तिळपापड झाला.

नऊ वाजून वीस मिनिटं. माझं मौन.

दहा वाजले. मशीनवर बसल्या बसल्या मावशी म्हणाल्या, "बोला मौनीबाई, आज काय म्हणता?"

"छान झालं," मी म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत धाकटी माझ्याजवळ आली. तिच्या हातात ती टोपी होती. तिने ती माझ्यासमोर टेबलावर पसरली आणि नखाने काठ दाखवला.

"ताई, हे तीन टाके तुटलेत, त्यांच्या दोऱ्याला तुसं निघालीत. ताणून तुटलेत ते. आणि हा चौथा बघा. साफ कापलाय. पुढे पुन्हा तीन, आणि पुन्हा एक." ती हळू बोलत होती. "सगळीकडे असंच आहे. तुम्ही ब्लेड असं धरता, डावीकडून. मला तुम्हीच शिकवलंत ना."

मी काही बोलले नाही. या वेळी नेम नव्हता, तरीही.

तिने टोपीची घडी केली, आपल्या पिशवीत टाकली आणि गेली.

चार वाजता मास्तरांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. इंजिनियर बाई कागदावर भोकाची चित्रं काढत होत्या, त्यांचं कशात लक्ष नव्हतं. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "भोकाची गोष्ट नशिबाने कळली, चांगलं झालं. पण नशिबाच्या भरवशावर मी आठ मशीन देऊ शकत नाही. खरी पेटी विमानातून पडताना कळीच सुटली तर? टोपी सुटली म्हणजे शिवण कच्ची. धाकटे, राग मानू नकोस. तुझा हात चांगला आहे, पण अजून पिकलेला नाही. थोरलीची शिवण अकरा वर्षांत उसवलेली मी पाहिली नाही. मुख्य तीच."

मावशींनी टाळी वाजवली, मग दुसऱ्या बायकांनी वाजवली. कोणीतरी माझा खांदा दाबला.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. अगदी मी आखलं होतं तसंच.

मी धाकटीकडे पाहिलं. आता बोलेल. आता पिशवीतून टोपी काढेल. तिचे कान लाल झाले होते. पण ती गप्प होती. आखून काढल्यासारखी शिवण तिची, आणि तिलाच सगळ्यांसमोर कच्ची म्हटलं, तरी गप्प.

तेव्हा मला जे झालं ते आजवर कधी झालं नव्हतं. शिवणीचा हेवा मी सहन केला होता, अभ्र्याचा केला होता, शाब्बासकीचा केला होता. पण गप्प राहणं हे माझं होतं. एकोणीस वर्षं रोज सकाळी मी ते राखलं, आणि त्या मुलीने एका दुपारी माझ्यापेक्षा मोठं मौन धरून दाखवलं. माझ्यासाठी. आता मी त्या खुर्चीत बसणार, आणि रोज समोरच्या मशीनवर ती माझ्यापेक्षा थोर होऊन बसणार. हे मला सोसणार नव्हतं.

"शिवण कच्ची नव्हती," मी म्हटलं. "मी कापली. काल दुपारी. चौथा चौथा टाका. टोपी तिच्या पिशवीत आहे, बघा."

मी खरं बोलले हे खरं. पण ते खऱ्यासाठी बोलले की तिला माझ्यावर उपकार करू द्यायचे नव्हते म्हणून बोलले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. देवालाही मी तसंच सांगितलं.

मास्तरांचा चेहरा उतरला. "अहो, पेटी खाली कोणाच्या डोक्यावर पडली असती तर?" ते म्हणाले. "तुम्ही? तुम्ही असं करावं?"

तेवढ्यात इंजिनियर बाईंनी कागदावरून डोकं वर काढलं. "म्हणजे भोक तुम्हीच मोकळं केलंत? मग काठावरून नक्की किती बोटं आत कापत गेलात?"

"बाई!" मास्तर ओरडले.

"मापासाठी विचारतेय," बाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

शिक्षा मास्तरांनी विचार करून दिली. मुख्य धाकटी. मी महिनाभर मशीनला हात लावायचा नाही. "उसवायची हौस आहे ना? पेट्यांसाठी आधीच शिवून ठेवलेल्या सगळ्या छत्र्यांच्या टोप्या उसवून काढा. एकूण एक."

घरी जाताना आम्ही दोघी नेहमीच्या रस्त्याने चाललो. मग मी म्हटलं, "तू एवढं ऐकून घेतलंस आणि गप्प राहिलीस. मला नसतं जमलं."

धाकटी थांबली. "गप्प? ताई, माझं टाळकं फिरलं होतं! मी घरी पोचायची वाट बघत होते. सासूबाईंसमोर टोपी पसरून तुमची अशी खरडपट्टी काढणार होते की तुम्हाला जेवण गोड लागलं नसतं. सगळं तोंडपाठ करून ठेवलं होतं मी. तुम्ही चार वाजताच सगळं बोलून टाकलंत, आता मी काय करू?"

मी तिच्याकडे बघत राहिले. म्हणजे मी ज्या मौनाचा हेवा केला ते तिथे नव्हतंच.

"मग सांग की सासूबाईंना," मी म्हटलं.

"आता काय मजा?" ती फणकाऱ्याने म्हणाली आणि पुढे चालू लागली. चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. पाचव्या दिवशी उसवलेल्या टोप्यांचा ढीग उचलायला आली तेव्हा म्हणाली, "ताई, काठाची पट्टी दोन बोटं की तीन?" सकाळचे नऊ वाजले होते. मी आधी बोटं दाखवायला हात उचलला. मग खाली घेतला आणि म्हटलं, "तीन. दोनाची फाटेल."

त्या दिवसापासून माझं मौन कामावर पाय ठेवला की सुटतं. नेम लहान झाला, पण आता तो घरातच राहतो, त्याच्याआड मला कारखान्यात लपता येत नाही. दिव्यापुढे मी दिवस सांगते, शिवण कोणी कापली तेही सांगते.

गेल्या आठवड्यात शेवटची चाचणी झाली, माथा मोकळा ठेवलेल्या नव्या छत्रीची. बेत धाकटीचा, काठाची पट्टी माझी. सेकंद मोजायला तिने मला उभं केलं. "मुख्य बाईने मोजायचं नसतं," म्हणाली, खुर्ची मिळाल्यापासून असं बोलते. वॉचमनने वरून पेटी सोडली. छत्री फुलली, ओळंब्यासारखी सरळ उतरू लागली, आणि मी मोठ्याने मोजलं. "...पाच, सहा, सात."

सातला पेटी गवतावर टेकली. एकही बाटली हलली नाही.

"सात!" इंजिनियर बाईंनी आनंदाने लिहून घेतलं. सगळ्या धाकटीभोवती जमल्या. मीही गेले, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

माझ्या छत्रीला आठ लागले असते. हे मनात आलंच. संध्याकाळी तेही सांगितलं.